आठ कळ्यांचे पॅराशूट : मॉडेल रॉकेटसाठी घरच्या शिलाई मशीनवर

कळ्यांचे, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या जोडून केलेले, परकर शिवण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांना मॉडेल रॉकेटचे पॅराशूट कसे शिवावे हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना मी वहीच्या पानावर अर्धगोल काढून दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारले, ‘‘कळ्या किती, घेर किती, आणि याले नेफा कुठं येते?’’ पॅराशूटला नेफा नसतो. जिथे परकराची कंबर असते तिथे पॅराशूटला हवा निसटण्यासाठी एक छोटे तोंड ठेवतात, आणि परकराचा घेर जिथे पायांशी येतो तिथे दोऱ्या जोडतात. एवढा फरक लक्षात आला की उरलेले काम मापाचे आणि टीप नीट मारण्याचे आहे.

मॉडेल रॉकेटचा छंद अमेरिकेत १९५०च्या दशकात रुजला. १९५४ साली ऑर्व्हिल कार्लाइल यांनी केलेल्या पहिल्या मॉडेलपासूनच रॉकेट पॅराशूटने उतरवण्याची सोय त्यात होती, कारण खाली येणारे रॉकेट कोणाच्या डोक्यावर पडू नये आणि पुन्हा उडवता यावे, या दोन्ही गोष्टींची गरज पहिल्याच दिवशी जाणवते. आपल्याकडे खेड्यांतील शाळांत बहुधा प्लास्टिकच्या बाटलीचे आणि सायकलच्या पंपाचे पाणी-रॉकेट उडवले जाते. पुढील सर्व मापे त्यालाही लागू पडतात, आणि तयार विकत मिळणाऱ्या इंजिनावर उडणाऱ्या रॉकेटलाही. घरी दारू भरून इंजिन करण्याचा मार्ग मात्र कोणीही धरू नये. त्यात हात आणि डोळे जातात, आणि १८८४च्या स्फोटक कायद्याखाली तो विनापरवाना गुन्हाही आहे.

माप आधी, कात्री नंतर

रॉकेटने साधारण सेकंदाला ५ मीटर वेगाने जमिनीवर यावे, असे धरून चालावे. हा वेग म्हणजे सव्वा मीटर उंचीवरून वस्तू हातातून सुटल्यावर जमिनीशी येतो तेवढा, म्हणजे पुठ्ठ्याचे पंख आणि बाटलीचे बूड सहसा सोसतील इतका. कापड सपाट असेल, म्हणजे कळ्या न करता एकाच तुकड्यातून अष्टकोन कापलेला असेल, तर हिशेब सोपा आहे. रॉकेटचे वजन किलोमध्ये घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि १.१ ने गुणावे. येणारे उत्तर हा पॅराशूटचा मीटरमधील व्यास. पाव किलोच्या रॉकेटला ५५ सेंटिमीटर, अर्ध्या किलोला ७८ सेंटिमीटर आणि एक किलोला ११० सेंटिमीटर व्यास लागतो. वजन चौपट झाले तरी व्यास दुप्पटच होतो, हे या आकड्यांतून दिसेलच. वजन करताना पाणी निघून गेलेले किंवा इंजिन जळून गेलेले रॉकेट, पॅराशूट व दोऱ्यांसह, किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावे. अंदाजावर जाऊ नये, कारण चिकटपट्टीचे वेढे आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच जड असतात.

या हिशेबात हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरली आहे. पुस्तकांत समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा १.२२५ हा आकडा असतो, पण आमचा नागपूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा आणखी विरळ होते. डिसेंबरच्या थंड सकाळी तपासलेले पॅराशूट मे महिन्याच्या दुपारी सुमारे ६ टक्के अधिक वेगाने खाली येते. हा फरक मोठा नाही, तरी हिशेबात काठावर बसणारे पॅराशूट थोडे मोठे करण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

फार मोठे करण्याचा मोह मात्र टाळावा. रॉकेट १०० मीटरवर उघडले आणि सेकंदाला ५ मीटरने उतरले, तर ते २० सेकंद हवेत राहते. तेवढ्यात ताशी १८ किलोमीटरचा वारा त्याला १०० मीटर दूर नेतो, आणि १०० मीटर म्हणजे बहुतेक वेळा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून दुसऱ्याच्या वावरात, नाही तर विहिरीत.

कापड

सर्वांत चांगले कापड म्हणजे रिपस्टॉप नायलॉन. ते उजेडात धरले की जाड धाग्यांच्या बारीक चौकटी दिसतात, आणि एखादी चीर पडली तरी ती या चौकटीशी थबकते. तंबूसाठी आणि मोठ्या पतंगांसाठी ते वापरतात. नागपूरच्या गांधीबागेतील कापडबाजारात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ते न मिळाल्यास जॅकेटच्या आत लावतात ते पातळ टाफेटा अस्तर घ्यावे. कापड ओठांवर घट्ट धरून फुंकर मारावी. हवा सहज आरपार जात असेल तर ते परकराचे कापड आहे, पॅराशूटचे नव्हे. सुती कापड जाड असते आणि ओले झाल्यावर जड होते, म्हणून ते नको.

फुकटात मिळणारे उत्तम कापड म्हणजे मोडलेली छत्री. साध्या छत्रीला आठ काड्या आणि आठ कळ्या असतात. काड्यांच्या टोकांशी घातलेले टाके उसवले की कापड अख्खे निघते, आणि तिच्या शिवणी बघून कळी कशी जोडली जाते याचा धडाही मिळतो. मोठ्या माणसाच्या छत्रीचे कापड मीटरभर व्यासाचे असल्याने छोट्या रॉकेटला ते तसेच न वापरता कळ्या उसवून लहान कापाव्यात.

रंगाबाबत एक अनुभव सांगतो. माझे पहिले चांगले पॅराशूट पांढऱ्या अस्तराचे होते आणि ते मी कार्तिकात, बोंडे फुटलेल्या पऱ्हाटीच्या शेताशेजारी उडवले. ते अलगद उतरलेही, पण त्या पांढऱ्या शिवारात तीन पोरांसह अख्खी दुपार शोधूनही सापडले नाही. दोन दिवसांनी वेचणीच्या बायांनी ते आणून दिले, तेव्हा त्यात पावशेर कापूस भरलेला होता, कारण त्यांनी त्याचा, वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधतात त्या ओट्यासारखा उपयोग करून पाहिला होता. तेव्हापासून मी राणी आणि नारिंगी अशा दोन रंगांच्या कळ्या आलटून पालटून लावतो. काळे कापड आभाळात छान दिसते, पण नांगरलेल्या काळ्या मातीत पडले की दिसेनासे होते.

कळीचा नमुना

पाव किलोपर्यंतच्या रॉकेटला सपाट अष्टकोन पुरतो. चौकोनी कापडाची मधोमध घडी घालावी, पुन्हा आडवी घडी घालून चतकोर करावे, मग कोपऱ्यातून तिरपी घडी घालावी आणि मध्यबिंदूपासून दोन्ही घड्यांवर सारखे अंतर मोजून तिथून सरळ कापावे; उघडल्यावर अष्टकोन मिळतो. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. खरी गंमत आणि खरी कसोटी कळ्यांच्या अर्धगोलात आहे, कारण तो स्थिर उतरतो आणि त्याच्या घेरावरचा ताण सगळ्या शिवणींवर सारखा वाटला जातो.

येथे ६० सेंटिमीटर तोंडाचा, म्हणजे खालच्या घेराचा व्यास तेवढा असलेला, आठ कळ्यांचा अर्धगोल घेऊ. तो सुमारे अर्ध्या किलोच्या रॉकेटला पुरतो, कारण अर्धगोल त्याच तोंडाच्या सपाट कापडापेक्षा हवेला बराच जास्त अडवतो. वर्तमानपत्राच्या कागदावर ४७.१ सेंटिमीटर लांबीची उभी मधली रेघ काढावी. तळाशी कळीची पूर्ण रुंदी २३.६ सेंटिमीटर, म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंना ११.८ येईल. तेथून वर ७.९ सेंटिमीटरवर रुंदी २२.८, १५.७ वर २०.४, २३.६ वर १६.७, ३१.४ वर ११.८ आणि ३९.३ वर ६.१ सेंटिमीटर. हे बिंदू हाताने, कोपरे न पडू देता जोडावेत. कळीच्या कडा सरळ नसून किंचित बाहेर फुगलेल्या असतात, आणि अर्धगोलाचा सगळा आकार त्या फुगीरपणातूनच येतो. सरळ कडांच्या त्रिकोणी कळ्या जोडल्या तर शंकू तयार होईल. ज्यांना त्रिकोणमिती आठवते त्यांनी तळाच्या रुंदीला ०, १५, ३० अशा चढत्या अंशांच्या कोसाइनने गुणून हे आकडे स्वतः काढून पाहावेत. नववी-दहावीच्या मुलांकडून ते करून घेण्यात मजा आहे. दुसरे माप हवे असल्यास सर्व आकडे एकाच पटीत वाढवावेत, म्हणजे ९० सेंटिमीटर तोंडासाठी दीडपट.

कळी टोकापर्यंत न नेता ४३ सेंटिमीटर उंचीवर, जिथे तिची रुंदी ३.२ सेंटिमीटर उरते तिथेच, आडवी कापावी. आठ कळ्या जोडल्यावर माथ्यावर ८ सेंटिमीटरचे तोंड आपोआप राहते. हे तोंड शोभेचे नाही. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसवर फुग्यातून पॅराशूटने उतरलेल्या आंद्रे-झाक गार्नेरँ यांच्या पॅराशूटला असे तोंड नव्हते. कोंडलेली हवा कधी या काठाखालून तर कधी त्या काठाखालून निसटत राहिली आणि त्यांची टोपली झोक्यासारखी हेलकावत खाली आली. मध्ये तोंड असले की हवेला जाण्याची एक ठरलेली वाट मिळते. व्यासाच्या दहा ते वीस टक्के एवढे तोंड ठेवावे. वीस टक्के ठेवले तरी क्षेत्रफळ चारच टक्के कमी होते, हेही ध्यानात असावे. शिवणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक लाभ असा की आठ कळ्यांची टोके आणि त्यांचे सोळा दुमड एका बिंदूवर येत नाहीत, नाही तर तिथे सुई हमखास मोडते.

आता नमुन्याभोवती दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर आणि तळाशी २ सेंटिमीटर वाढीव धरून कापड बेतावे. कळीची मधली रेघ कापडाच्या उभ्या धाग्यावर आलीच पाहिजे. तशी ती आली की कळीच्या वक्र कडा वरच्या भागात उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, होतात, आणि उरेब कड ओढली की ताणते, म्हणून शिवताना कापड मागून ओढू नये. ११० सेंटिमीटर पन्ह्याचे एक मीटर कापड आठही कळ्यांना पुरते. दोन रंग असतील तर प्रत्येकी अर्धा मीटर. नायलॉनच्या कडांचे धागे फार सुटतात. पेटत्या उदबत्तीचे टोक कडेवरून न थांबता फिरवले की धागे वितळून बंद होतात. हे काम खिडकीशी, जवळ पाण्याचे भांडे ठेवून आणि मोठ्या माणसानेच करावे.

शिवण

सुई ११ नंबरची आणि नवी असावी. बोथट सुई पातळ कापडाचा धागा ओढून सुरकुती पाडते. दोरा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती दोरा ओलसर घडीत राहिला की कुजतो, आणि पाणी-रॉकेटचे पॅराशूट ओले होणारच. इंचाला आठ ते दहा टाके ठेवावेत. मजबुतीसाठी बारीक टाके घालावेत असे वाटते, पण जवळजवळची भोके पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी ठरतात आणि ताण आला की कापड नेमके त्याच रेषेत फाटते. टाचण्यांचीही भोके राहतात, त्यामुळे मुलींच्या केसांच्या टिकटॉक क्लिपा लावून कापड धरावे.

दोन कळ्या सुलट्या बाजू आत घेऊन जोडाव्यात आणि कडेपासून १ सेंटिमीटरवर पहिली टीप मारावी. मग आतल्या एका पदराची कड ४ मिलिमीटर ठेवून बाकी कापून टाकावी, रुंद पदर त्यावर दुमडावा, दोन्ही एका बाजूला पाडावेत आणि वरून दुसरी टीप मारावी. जीन्सच्या पायाची शिवण उलटून पाहिली तर हीच चपटी शिवण दिसते. आधी चार जोड्या, मग दोन अर्धे आणि शेवटी पूर्ण घेर अशा क्रमाने जावे. शिवण प्रत्येक कडेला २ मिलिमीटरने जरी आत गेली, तरी आठ शिवणींत मिळून घेर ३ सेंटिमीटरहून अधिक कमी होतो. काकू प्रत्येक जोडीनंतर टेप लावून पाहत असत, आणि एकदा माझी अर्धी शिवण त्यांनी न बोलता उसवून ठेवली होती.

घेराची कड दोनदा दुमडून टीप मारावी आणि माथ्याच्या तोंडाला ब्लाउजच्या गळ्याला लावतात तशी उरेब पट्टी लावावी.

दोऱ्या

घरचे पॅराशूट फाटते ते बहुतेक दोरीच्या सांध्याशी. माझ्या एका पॅराशूटला मी घेराच्या कडेला भोके पाडून दोऱ्या नुसत्या गाठीने ओवल्या होत्या. उघडण्याचा झटका बसताच दोन कोपरे टर्रकन उसवले आणि रॉकेट तुरीच्या ओळीत भाल्यासारखे घुसले. दोरी नेहमी शिवणीवर आणावी, कारण तिथे कापडाचे चार पदर असतात. घेराच्या काठापासून वर ५ सेंटिमीटरपर्यंत ती शिवणीच्या आतल्या बाजूने ठेवावी, वर सुती नव्हे तर नायलॉनच्या फितीचा तुकडा ठेवावा आणि पुढे-मागे चार वेळा टीप मारावी.

दोरी विणलेली, पॉलिस्टरची किंवा नायलॉनची, दीड-दोन मिलिमीटर जाडीची पुरे. नायलॉन मांजा मात्र अजिबात नको. त्यावर बंदी आहे, आणि काचेचा लेप नसला तरी तो कापडाला आणि बोटांना कापतो. दोरीची लांबी खालच्या तोंडाच्या व्यासाच्या सव्वा ते दीडपट ठेवावी, म्हणजे येथे ७५ ते ९० सेंटिमीटर. दोऱ्या आखूड पडल्या तर घेर पूर्ण पसरत नाही. आठ स्वतंत्र दोऱ्या कापण्याऐवजी दुप्पट लांबीच्या चार घ्याव्यात, प्रत्येकीची दोन टोके शेजारच्या दोन शिवणींवर लावावीत आणि चारही दोऱ्यांचे मध्य एकत्र घेऊन एकच फासाची गाठ मारावी. खाटेच्या दोन पायांना वेढे देऊन दोऱ्या कापल्या की लांबी सारखी येते. त्या फासात दोन्ही टोके स्वतंत्र फिरणारी पितळी कडी अडकवावी. गळाने मासे धरणाऱ्यांच्या सामानात ती मिळते, आणि पॅराशूट फिरले तरी दोऱ्यांना पीळ पडू देत नाही.

कडीपासून रॉकेटपर्यंत परकराला घालतात तसे चपटे इलॅस्टिक लावावे, रॉकेटच्या लांबीच्या दोन ते तीन पट. ते आखूड असले तर वेगळी झालेली रॉकेटच्या टोकावरची टोपी उलटी येऊन रॉकेटच्याच अंगावर आपटते.

तपासणी

गच्चीवरून टाकून पाहिलेले पॅराशूट उघडते की नाही एवढेच कळते. दुमजली शाळेच्या उंचीत वेग मोजण्याइतका वेळच मिळत नाही. गावातील पाण्याच्या टाकीवर मुलांना चढवणे हा तर विचारही करू नये. आम्ही वेगळी युक्ती केली. सेकंदाला ५ मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर. वारा पडलेल्या सकाळी सरळ, रिकाम्या रस्त्यावर ट्रॅक्टर त्या वेगाने चालवला, एका मोठ्या माणसाने ट्रॉलीत बसून वेळूला बांधलेले पॅराशूट ट्रॉलीच्या वर, मोकळ्या हवेत धरले, आणि दोऱ्यांच्या फासाला स्प्रिंगचा काटा लावला. काट्यावर दिसणारी ओढ म्हणजेच ते पॅराशूट त्या वेगाने पेलू शकेल असे वजन. आमचे ६० सेंटिमीटरचे पॅराशूट अर्धा किलोच्या आसपास स्थिरावले. काटा कमी दाखवत असेल तर रॉकेट हलके करावे किंवा पुढचे पॅराशूट मोठे शिवावे. याच फेरीत पॅराशूट डावी-उजवीकडे झोके खाते का, एखादी कळी सैल फडफडते का, हेही समोर दिसते.

घडी

घडी उडवण्याआधी दहा मिनिटे घालावी, आदल्या रात्री नव्हे. दाबून ठेवलेले कापड घडी विसरत नाही. आत-बाहेर अंगाला लावायची टाल्कम पावडर शिंपडावी. कळ्या एकावर एक रचून लांब पट्टा करावा, तो सापासारखा मागे-पुढे दुमडावा आणि दोऱ्या त्यावर सैल गुंडाळाव्यात; घट्ट वेढे दिले तर उलगडायला वेळ लागतो. घडी रॉकेटच्या नळीत सरकवून खालून तोंडाने फुंकर मारावी. पॅराशूट तेवढ्याने बाहेर आले नाही तर घडी जाड झाली आहे.

इंजिनाच्या रॉकेटमध्ये पॅराशूट बाहेर ढकलणारा वायू तापलेला असतो आणि नायलॉनला भोके पाडतो. त्यासाठी मध्ये अग्निरोधक कागदाचे बोळे लागतात, आणि अमेरिकेतील मॉडेल रॉकेटच्या सुरक्षा नियमांतही त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या घरात कापसाची कमी नाही म्हणून त्याजागी कापूस भरू नये. तो पेटतो, आणि उन्हाळ्यातील वाळलेल्या गवतात पडलेला पेटता बोळा एका झटक्यात धुरा जाळत जातो. त्याच नियमांप्रमाणे ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल तर उड्डाण करत नाहीत, आणि विजेच्या तारेवर किंवा उंच झाडावर अडकलेले रॉकेट काढायला जात नाहीत. कृषिपंपांच्या तारा ज्या शिवारात आडव्या-तिडव्या आहेत तिथे ही शेवटची अट मुलांना रोज सांगावी.

परत आलेले पॅराशूट सावलीत वाळवावे आणि खुंटीला उघडे टांगून ठेवावे. आत टोचलेली कुसळे एकेक करून उपसावीत, कारण घडीत राहिलेले कुसळ पुढच्या वेळी कळीत आरपार जाते. मग कडी एका हातात धरून आठही दोऱ्या एकेक करून ओढून पाहाव्यात. ज्या सांध्याशी टाका सैल दिसेल तिथे त्याच संध्याकाळी पुन्हा टीप मारावी.